एका खेळीत जादू आणि क्लासची ताकद कशी जोडायची: डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या भिडूंसाठी

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळात कॅरेक्टर पाचव्या लेव्हलला पोचलं की शीटवर (त्याच्या नोंदींच्या कागदावर) एकदम गर्दी होते. लढवय्यांना एक्स्ट्रा अटॅक (जादा वार) मिळतो, कॅन्ट्रिपचा (स्लॉट न लागणाऱ्या छोट्या स्पेलचा) डॅमेज वाढतो, जादूगारांच्या हाती तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट (मोठे स्पेल टाकण्याचा मोजका साठा) येतात. टेबलावरचे वादही इथूनच सुरू होतात. स्माइट (पॅलाडिन या धर्मयोद्ध्याचा स्लॉट खर्चून केलेला जादा मार) आणि स्पेल (मंत्र) एकाच खेळीत चालतात का? स्नीक अटॅक (चोरट्याचा जादा मार) फेरीत, म्हणजे सगळ्यांची एकेक खेळी होईपर्यंत, दोनदा मिळतो का? हेक्स (वॉरलॉक या जादूगाराचा शाप) चालू असताना दुसरा स्पेल टाकला तर काय होतं? या सगळ्यांचं उत्तर एकाच सवयीत आहे: प्रत्येक गोष्ट खेळीतल्या कोणत्या जागेत बसते ते आधी बघायचं, फाशांची बेरीज नंतर करायची. चांगली चांगली कॉम्बिनेशन्स फसतात ती दोन गोष्टी एकाच जागेवर बसवल्यामुळे.

इथले आकडे २०१४च्या नियमांचे आहेत. २०२४च्या नियमांतले फरक शेवटी दिले आहेत. विकतची पुस्तकं नसलेल्या गटासाठी सिस्टीम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१ पुरेसं आहे. जानेवारी २०२३मध्ये ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुलं झालं, त्यामुळे झेरॉक्सच्या दुकानातून छापून घ्यायलाही हरकत नाही. खाली येणारे हेक्स, बूमिंग ब्लेड आणि थंडरस स्माइट मात्र त्यात नाहीत. ते विकतच्या पुस्तकांत आहेत. फासे लिहिण्याची पद्धत नेहमीचीच: २डी८ म्हणजे आठ बाजूंचे दोन फासे.

टेबलावर काय मांडायचं

पेन्सिलनं स्लॉट खोडत बसण्यापेक्षा चिंचोके घ्या. पाचव्या लेव्हलच्या पॅलाडिनकडे पहिल्या लेव्हलचे ४ आणि दुसऱ्या लेव्हलचे २ स्लॉट असतात, म्हणजे ४ अख्खे चिंचोके आणि २ फोडलेले. स्लॉट वापरला की चिंचोका वाटीत. कॉन्सन्ट्रेशनसाठी (काही स्पेल चालू ठेवायला लागणाऱ्या एकाग्रतेसाठी) बाटलीचं एक झाकण ठेवा आणि ते ज्या स्पेलवर आहे त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून खाली सरकवा. प्रत्येकाला झाकण एकच. दुसरा कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल टाकायचा तर झाकण उचलावंच लागतं, आणि पहिला स्पेल संपला हे सगळ्यांना दिसतं. रिॲक्शनसाठी (समोरच्या घटनेला दिलेल्या झटपट प्रत्युत्तरासाठी) पत्त्यांतलं एक पान पुरतं: वापरली की उलटं, आपली पुढची खेळी सुरू झाली की सुलटं.

नकाशाला मोठ्या चौकडीची वही चालते. एक चौकट म्हणजे ५ फूट.

खेळीतल्या जागा

एका खेळीत एक ॲक्शन, असेल तर एक बोनस ॲक्शन, आणि आपल्या स्पीडएवढी हालचाल (बहुतेकांना ३० फूट, ती तोडून तोडूनही वापरता येते). रिॲक्शन एक, तीही पुढची खेळी येईपर्यंत. बोनस ॲक्शन सगळ्यांना आपोआप मिळते असं समजू नका. एखादा स्पेल किंवा क्लासची (कॅरेक्टरच्या पेशाची) क्षमता ती देत असेल तरच मिळते.

आता नियमातली सगळ्यात महत्त्वाची फट. ‘अटॅक ॲक्शन’ घेणं आणि स्पेल टाकताना अटॅक करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्स्ट्रा अटॅक फक्त अटॅक ॲक्शनला लागू होतो. दुसऱ्या हातातल्या हत्याराचा बोनस अटॅकही तसाच. बूमिंग ब्लेड या कॅन्ट्रिपमध्ये तलवार फिरते खरी, पण ॲक्शन स्पेल टाकण्याची असते, म्हणून वार एकच. याउलट स्नीक अटॅक किंवा डिव्हाइन स्माइट ‘हत्याराचा वार लागला’ एवढंच विचारतात. तो वार कोणत्या ॲक्शनमधून आला याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. म्हणून बूमिंग ब्लेडवर दोन्ही बसतात.

प्रत्येक क्षमतेपुढे शीटवर तीन नोंदी करून ठेवा: जागा कोणती, कशानं सुरू होते, कॉन्सन्ट्रेशन लागतं का. अर्ध्या तासाचं काम आहे आणि ते लढाईआधीच व्हायला हवं.

बोनस ॲक्शनमध्ये स्पेल टाकला तर त्याच खेळीत दुसरा स्पेल फक्त एका ॲक्शनची कॅन्ट्रिपच असू शकतो. हा नियम सगळ्यात जास्त विसरला जातो. म्हणून हेक्स (बोनस ॲक्शन) आणि एल्ड्रिच ब्लास्ट (कॅन्ट्रिप) एका खेळीत चालतात. क्विकन केलेला (बोनस ॲक्शनमध्ये आणलेला) फायरबॉल आणि वर होल्ड पर्सन चालत नाही. फायटरची ॲक्शन सर्ज वेगळी: तिच्यातून दुसरी पूर्ण ॲक्शन मिळते, आणि बोनस ॲक्शनच्या स्पेलला हात लावला नसेल तर दोन्ही ॲक्शनमध्ये स्लॉटचे स्पेल टाकता येतात.

पॅलाडिन: स्माइट कधी, ब्लेस कधी

डिव्हाइन स्माइट वार लागल्यानंतर ठरवायचा असतो, म्हणून स्लॉट हुकलेल्या वारावर वाया जात नाही. पहिल्या लेव्हलच्या स्लॉटला २डी८, पुढच्या प्रत्येक लेव्हलला १डी८ जास्त, कमाल ५डी८. समोर अनडेड (भुतंखेतं) किंवा फीन्ड (राक्षसी जीव) असेल तर आणखी १डी८. क्रिटिकलला (सहसा वाराच्या फाशावर २० पडल्यावर) हे सगळे फासे दुप्पट होतात, फाशांत मिळवायचा ठरलेला आकडा मात्र दुप्पट होत नाही.

टेबलावर बोलण्याचा क्रम पक्का करून टाका. भिडू एकूण आकडा सांगतो, डीएम (खेळ चालवणारा) ‘लागला’ म्हणतो, मग शत्रूला शील्डसारखी रिॲक्शन वापरायची असेल तर तो तेव्हाच सांगतो, आणि त्यानंतर स्माइटचा चिंचोका वाटीत पडतो. शील्डनं एसी (वार लागायला गाठायचा आकडा) ५नं वाढून वार हुकला तर स्लॉट वाचतो. हा क्रम न ठरवलेल्या टेबलावर ‘मी आधीच स्माइट म्हणालो होतो’ हा वाद दर आठवड्याला होणार.

क्रिटिकलसाठी सगळे स्लॉट राखून ठेवणं हा लोकप्रिय सल्ला आहे, आणि तो तोट्याचा आहे. फेरीला २ वार, ४ फेऱ्यांची लढाई, म्हणजे ८ वार. त्यात किमान एकदा २० पडण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के. म्हणजे तीनपैकी दोन लढायांत चिंचोके तसेच पडून राहतील. दुसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट क्रिटिकलसाठी राखा. पहिल्या लेव्हलचे मात्र धोकादायक शत्रू लवकर पाडण्यासाठी मोकळ्या हातानं वापरा.

त्याच स्लॉटमधून ब्लेस (साथीदारांच्या फाशांना बळ देणारा कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल) टाकायचा का, हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. स्ट्रेंग्थ १८, लॉन्गस्वर्ड आणि ड्युएलिंग (एका हातातल्या हत्याराची लढाईशैली) असेल तर वाराला +७, लागला तर १डी८+६. एसी १५विरुद्ध लागण्याची शक्यता ६५ टक्के, दोन वारांची सरासरी सुमारे १४. ब्लेसनं तिघांच्या अटॅकमध्ये १डी४ मिसळतो, म्हणजे लागण्याची शक्यता साडेबारा टक्के वाढते. तिघांचे मिळून फेरीला ६ वार आणि प्रत्येक वार सरासरी १०चा धरला, तर फायदा फेरीला साडेसात. पण ब्लेस टाकायला पॅलाडिनची पहिली ॲक्शन जाते, म्हणजे आपले १४ गेले आणि त्या फेरीत फक्त बाकीच्या चार वारांना, ५चा, फायदा झाला. लढाई चार फेऱ्या चालली तर निव्वळ फायदा १३च्या आसपास, आणि स्माइटचे सरासरी ९. दोन फेऱ्यांत आटोपली तर ब्लेस तोट्यात. तेव्हा मोठी लढाई दिसत असेल तर ब्लेस, चारदोन गोब्लिन असतील तर स्माइट. ब्लेस सेव्हलाही (वाईट परिणाम टाळण्यासाठी टाकायच्या फाशालाही) मदत करतो, म्हणून समोर जादूगार असेल तर पारडं आणखी त्याच्याकडे झुकतं.

थंडरस स्माइटसारखे स्पेल डिव्हाइन स्माइटहून वेगळे. ते बोनस ॲक्शनमध्ये आधी टाकायचे, त्यांना कॉन्सन्ट्रेशन लागतं, आणि ते टाकताच ब्लेस सुटतो. दोन्ही एकाच वारावर बसतात, हे नियमाला धरून आहे. पण एका वारावर दोन स्लॉट आणि वर ब्लेसही गेला, असा सौदा फार क्वचित परवडतो.

आर्केन ट्रिकस्टर: वार करून मागे सरकणं

आर्केन ट्रिकस्टर म्हणजे थोडी जादू जाणणारा चोरटा. डेक्स्टेरिटी १८, रेपियर, पाचवी लेव्हल, बूमिंग ब्लेड ही कॅन्ट्रिप घेतलेली. क्रम असा:

१. शत्रूपाशी जा, पण ३० फुटांपैकी १५हून जास्त खर्चू नका.
२. ॲक्शनमध्ये बूमिंग ब्लेड. ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरणं) असेल, किंवा शत्रूच्या ५ फुटांत आपला भिडू उभा असेल आणि आपल्याला डिसॲडव्हान्टेज नसेल, तर स्नीक अटॅक मिळतो. लागला तर रेपियरचा १डी८+४, थंडरचा १डी८ आणि स्नीकचे ३डी६: सरासरी साडेतेवीस.
३. बोनस ॲक्शनमध्ये कनिंग ॲक्शनचं डिसएंगेज (शत्रूचा वार न खाता दूर होणं).
४. उरलेले १५ फूट मागे.

आता शत्रू आपल्या मागे आला तर त्याला आणखी २डी८ बसतात. इथे हटकून होणारी चूक म्हणजे त्याला ढकलून हा डॅमेज मिळवायला बघणं. तो स्वतःच्या मर्जीनं हलला तरच बूमिंग ब्लेडचा दुसरा भाग लागू होतो. थंडरवेव्हनं उडवलेल्याला काही होत नाही.

दोन छोट्या तलवारी घेऊन अटॅक ॲक्शन आणि बोनस अटॅक हाही मार्ग आहे, आणि तो कमी लेखू नका. पहिला वार हुकला तरी दुसऱ्यावर स्नीक अटॅक बसतो. दोनांपैकी एक तरी लागण्याची शक्यता ८८ टक्के. एसी १५विरुद्ध दोन तलवारींची सरासरी सुमारे १७ येते, बूमिंग ब्लेडची १६. शत्रू मागे आला तर बूमिंग ब्लेड २२वर जातं. म्हणजे शत्रूला चालावं लागणार असेल, तर बूमिंग ब्लेड. तो धनुर्धारी असेल, किंवा शेजारी दुसरा भिडू मारायला हाताशी असेल, तर तो जागचा हलणार नाही. तिथे दोन तलवारी बऱ्या.

स्नीक अटॅक खेळीला एकदा मिळतो, फेरीला एकदा नाही. शत्रू आपल्यापासून दूर पळाला आणि अपॉर्च्युनिटी अटॅक (दूर जाणाऱ्यावर रिॲक्शननं केलेला वार) मिळाला, तर ती त्याची खेळी असते, म्हणून अटी जुळत असतील तर स्नीकचे फासे पुन्हा मिळतात. रिॲक्शनचं पान सुलटं ठेवण्याचं हे चांगलं कारण आहे.

वॉरलॉक आणि ड्रुइड: दोघांचं कॉन्सन्ट्रेशन एका कामाला

एकट्या वॉरलॉकचा हिशेब सोपा आहे. पाचव्या लेव्हलला एल्ड्रिच ब्लास्टचे दोन बीम, ॲगनायझिंग ब्लास्ट या क्षमतेमुळे प्रत्येकी १डी१०+४, हेक्स असेल तर प्रत्येक लागलेल्या बीमला १डी६ जास्त. दोन बीमसाठी अटॅक वेगवेगळे टाकायचे. खरी मजा रिपेलिंग ब्लास्टमध्ये आहे: लागलेला प्रत्येक बीम शत्रूला सरळ रेषेत १० फूट मागे ढकलतो.

ड्रुइडचा स्पाइक ग्रोथ (जमिनीवर काटे उगवणारा स्पेल) दुसऱ्या लेव्हलचा, २० फूट त्रिज्येचा. त्याच्या आत दर ५ फूट हालचालीला २डी४ डॅमेज, आणि इथे मर्जीची अट नाही. ढकलून हलवलं तरी बसतो. बूमिंग ब्लेडच्या बरोबर उलट.

काटे टाकताना मध्यबिंदू शत्रूच्या मागे धरा, म्हणजे तो वर्तुळाच्या आपल्याकडच्या कडेवर राहील. दोन्ही बीम लागले तर तो २० फूट आत जातो: काट्यांचे ८डी४, सरासरी २०, आणि बीमचे १९. एवढ्यावर संपत नाही. काट्यांची जमीन अवघड असल्यानं एका फुटाला दोन फूट हालचाल लागते. ३० फूट स्पीडचा शत्रू फक्त १५ फूट परत येईल आणि त्यातही ६डी४ खाईल. बाहेर पडायला त्याला डॅशच (जादा हालचालीची ॲक्शन) घ्यावं लागतं, म्हणजे त्या खेळीत त्याचा अटॅक गेला. मध्यबिंदू शत्रूच्या पायाशी धरला तर दुसऱ्या बीमला तो कडेपर्यंत पोचतो आणि पुढच्या खेळीला आरामात बाहेर पडतो.

आपला पॅलाडिन काट्यांत शिरला तर त्यालाही तोच दर. आणि ड्रुइडला पाठीमागे ठेवा. मार बसला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह. डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) १० किंवा डॅमेजच्या निम्मा, जो मोठा असेल तो, आणि प्रत्येक माराला वेगळा. सेव्हला +२ असेल तर डीसी १०लाही ३५ टक्के वेळा काटे गायब होतात. दोन बाण म्हणजे दोन सेव्ह.

नळदुर्गसारखा नदीवरचा बांध किंवा तटाची कड नकाशावर असेल तर काट्यांचीही गरज नाही. पडण्याचा डॅमेज दर १० फुटांना १डी६. फक्त आपण, शत्रू आणि कड एका रेषेत यायला हवेत, तेव्हा आधी चाला आणि मग बीम टाका.

होल्ड पर्सन: अंधारीतली चढाई

देवगिरीची अंधारी पाहिलेल्या गटाला नकाशा समजावून सांगावा लागत नाही: खंदकावरची अरुंद वाट, पुढे काळोख्या बोगद्यातून वळत वर जाणाऱ्या पायऱ्या. लढाईसाठी ती १० फूट रुंद धरा, वर सरदार आणि त्याचा एक साथीदार, दोघंही माणसं.

होल्ड पर्सन (लक्ष्याला जागीच जखडणारा कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल) फक्त ह्युमनॉइडवर (माणसासारख्या जीवांवर) चालतो आणि टाकणाऱ्याला लक्ष्य दिसायला हवं. म्हणून मशालीचा हिशेब आधी. मशालीचा लख्ख उजेड २० फूट, त्यापुढे २० फूट मंद. मंद उजेडातलं लक्ष्य दिसतं. त्यापलीकडे डार्कव्हिजन (अंधारात दिसण्याची शक्ती) नसलेला वॉरलॉक स्पेल टाकू शकत नाही, स्पेलची रेंज ६० फूट असली तरी. सरदाराच्याच हातात मशाल असेल तर प्रश्न मिटला.

पाचव्या लेव्हलच्या वॉरलॉकचे दोन्ही स्लॉट तिसऱ्या लेव्हलचे असतात, म्हणून त्याचा होल्ड पर्सन एकमेकांपासून ३० फुटांच्या आतल्या दोघांना पकडू शकतो. डीसी १५, सरदाराचा विझ्डम सेव्ह +१ धरला तर पकडण्याची शक्यता ६५ टक्के. पकडलेल्यावर सगळ्यांना ॲडव्हान्टेज, आणि ५ फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल. पॅलाडिनचा एक वार पहिल्या लेव्हलच्या स्माइटसह ६डी८+६, सरासरी ३३. ट्रिकस्टरचा रेपियर आणि स्नीक मिळून २डी८+६डी६+४, सरासरी ३४. बूमिंग ब्लेडनं त्यात आणखी ९. राखून ठेवलेले दुसऱ्या लेव्हलचे चिंचोके इथे काढायचे.

सगळं अवलंबून आहे इनिशिएटिव्हवर (फाशांनी ठरलेल्या खेळींच्या क्रमावर). सरदार स्वतःच्या खेळीच्या शेवटी पुन्हा सेव्ह टाकतो. वॉरलॉक १८, पॅलाडिन १५, ट्रिकस्टर १२ आणि सरदार ९ असेल तर दोघांनाही पकडलेला सरदार मिळतो. सरदार १६वर असेल तर आपल्या भिडूंच्या आधीच त्याला एक सेव्ह मिळतो, आणि ६५ टक्क्यांचे ४२ होतात. खेळी पुढे ढकलण्याची सोय या नियमांत नाही. रेडी करून (संधीची वाट बघत तयार) ठेवला तर स्पेल धरून ठेवायला कॉन्सन्ट्रेशन लागतं, आणि संधी आली नाही तर स्लॉट जातोच. अशा वेळी वॉरलॉकनं होल्ड पर्सनचा नाद सोडून बीम टाकावेत आणि ड्रुइडनं काटे.

होल्ड पर्सन टाकताच वॉरलॉकचा हेक्स सुटतो, झाकण एकच आहे. काटे आणि होल्ड पर्सन एकाच जागेवर टाकू नका: पकडलेला शत्रू हलत नाही, म्हणून काटे बिनकामाचे, आणि जवळ जायला पॅलाडिनला मात्र काट्यांतून चालावं लागतं. चढाईआधी दोन्हीपैकी एक योजना ठरवा.

२०२४च्या नियमांत काय बदलतं

डिव्हाइन स्माइट आता स्पेल आहे आणि वार लागल्यावर लगेच बोनस ॲक्शन घेतो, म्हणून खेळीला एकच. पकडलेल्या सरदारावर दोन्ही वारांना स्माइट हा हिशेब तिथे बसत नाही. रेजमध्ये (बार्बेरियनच्या संतापात) स्पेल टाकता येत नसल्यानं बार्बेरियन-पॅलाडिनचा स्माइटही गेला. २०१४मध्ये तो चालतो. एका खेळीत स्लॉट खर्चून एकच स्पेल टाकता येतो, आणि ॲक्शन सर्जच्या ॲक्शनमध्ये मॅजिक ॲक्शन (स्पेल टाकण्याची ॲक्शन) घेता येत नाही. रिपेलिंग ब्लास्ट लार्ज किंवा त्याहून लहान शत्रूलाच ढकलतो. स्नीक अटॅक खेळीला एकदाच, पूर्वीसारखाच.

दोन्ही आवृत्त्यांची शीटं एकाच टेबलावर आली असतील तर पहिला फासा पडायच्या आत डीएमनं कोणती लागू ते सांगावं, आणि स्माइट, ॲक्शन सर्ज व रिपेलिंग ब्लास्ट या तिन्हींपुढची जागा आणि अटी सगळ्यांच्या शीटवर त्यानुसार दुरुस्त करून घ्याव्यात.